मेडिकलमध्ये कुणीच नापास झालं नव्हतं

(बारावीच्या विद्यार्थी-विद्यार्थिनींच्या मार्गदर्शन शिबिरात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता, ‘बारावीनंतर इंजिनिअरिंग’. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, तेरा-चौदा वर्षं नोकरी करतोय, म्हणून त्यांना वाटलं की मी त्यावर बोलावं. मी त्यांना म्हटलं, इंजिनिअरिंगबद्दल सांगणारे तुम्हाला पुष्कळ मिळतील. मला नौदलाबद्दल बोलू द्या. ते म्हणाले, तुम्ही नौदलात होता का? मी म्हटलं, नाही. जाणार होतो, गेलो नाही, आणि गेलो नाही त्याचं कारण मी अठरा वर्षं खोटं सांगत आलोय. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

आमचं गाव दापोली तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी. माझे आजोबा मुंबई गोदीतून बोटीवर खलाशी म्हणून जायचे. अब्बा मात्र समुद्रावर गेले नाहीत, ते विमानाने आखातात गेले. आमच्या मोहल्ल्यात तीच पद्धत होती. दहावी झाली की पासपोर्ट, पासपोर्ट झाला की एजंट. बारावी सायन्स केलेली पोरं त्या वर्षी मोहल्ल्यात दोनच होती, एक मी आणि दुसरा माझा शेजारी मित्र.

ही २००७ सालची गोष्ट. मित्राचा मोठा भाऊ मुंबईहून येताना एसटी स्टँडवरून ‘रोजगार समाचार’ घेऊन आला होता. त्यात नौदलाची जाहिरात होती. सीनिअर सेकंडरी रिक्रूट, म्हणजे बारावी गणित-फिजिक्स घेऊन पास झालेल्यांसाठी नाविकाची भरती. आम्ही दोघांनी अर्ज भरले. भरताना आम्ही काही फार मोठा विचार केला नव्हता. समुद्र दारात होता आणि सरकारी नोकरी होती, एवढाच हिशोब.

मग फजरनंतर आम्ही किनाऱ्यावर पळायला लागलो. तेव्हा १.६ किलोमीटर सात मिनिटांत पळावं लागायचं. ओल्या वाळूवर पळणं वेगळं आणि मैदानावर पळणं वेगळं, हे आम्हाला मुंबईला गेल्यावर कळलं. मैदानावर आम्ही दोघं आरामात वेळेच्या आत आलो. लेखी परीक्षा झाली, उठाबशा, दंड झाले, प्राथमिक वैद्यकीय तपासणी झाली. डोळे, कान, दात, गुडघे, तळपाय, सगळं तपासलं. दोघंही पास. काही महिन्यांनी दोघांच्याही घरी पत्र आलं, ओडिशाला आयएनएस चिल्का इथे हजर व्हा म्हणून.

पत्रासोबत कागदांची यादी होती. त्यात एक कागद पोलीस पडताळणीचा होता.

तुमच्यातले बरेच जण तेव्हा जन्मलेही नसाल. आदल्याच वर्षी, जुलै २००६ मध्ये मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले होते आणि सप्टेंबरमध्ये मालेगावला. त्यानंतर आमच्याकडे कुणी पोलीस ठाण्याचं नाव काढलं तरी घर शांत व्हायचं. कुणाच्या तरी नात्यातल्या पोराला चौकशीला नेलं, अशा गोष्टी प्रत्येक घरात फिरत होत्या. खऱ्या किती आणि ऐकीव किती, ते कुणी विचारत नव्हतं. अब्बा तेव्हा सुट्टीवर आले होते. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, “आपण होऊन ठाण्यात जायचं आणि सांगायचं की आमची चौकशी करा? कशाला?” मग नेहमीचं वाक्य आलं. “आणि गेलास तरी आपल्या पोरांना तिथे पुढे जाऊ देत नाहीत.” अम्मी रडली. दोन चाचा आले, त्यांनीही तेच सांगितलं.

मी भांडलो नाही. हे मला स्पष्ट सांगायचं आहे, कारण नंतर मी मनातल्या मनात सगळा दोष अब्बांवर टाकत आलो. मी एकदाही म्हटलं नाही की मला जायचंय. उलट आतून थोडं बरं वाटलं, कारण चिल्काच्या ट्रेनिंगची मलाही धास्ती होती. अब्बा म्हणाले, इंजिनिअरिंगला घालतो, आखाताचा पैसा आहे. मी हो म्हटलं.

मित्र गेला. त्याचे वडील मच्छीमार, त्यांच्याकडे इंजिनिअरिंगचा पैसाही नव्हता आणि ठाण्याला भ्यायला वेळही नव्हता. ते स्वतः पोराला घेऊन ठाण्यात गेले. हवालदाराने दोन प्रश्न विचारले, गावच्या पोलीस पाटलाला फोन केला, सही शिक्का दिला. तासाभराचं काम. २००८ च्या सुरुवातीला तो चिल्काला हजर झाला.

आता मोहल्ल्यात प्रश्न आला. दोघं बरोबर पळत होते, दोघांना पत्र आलं, मग एक गेला आणि एक का नाही? अब्बा म्हणाले, “सांग, मेडिकलमध्ये राहिलो. विषय संपतो.” मी तसं सांगितलं. एकाला सांगितलं, दुसऱ्याला सांगितलं, विषय संपला असं वाटलं.

तो संपला नाही. तीन-चार वर्षांनी मी कॉलेजातून सुट्टीला गावी आलो, तेव्हा मशिदीबाहेर एक बारावीतला पोरगा त्याच्या वडिलांना सांगत होता की मला नौदलाचा अर्ज भरायचाय. वडिलांनी माझ्याकडे बोट केलं. “त्याला विचार. एवढा हुशार, सगळ्यात पास झाला, शेवटी मेडिकलमध्ये काढलाच ना? नाव बघून काढतात.” मी तिथेच उभा होतो. ‘नाव बघून’ हे मी कधीच म्हटलं नव्हतं. पण माझ्या खोट्याला ते आपोआप चिकटलं होतं. त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं की चाचा, असं काही झालं नाही, मला कुणी काढलं नाही, मीच गेलो नाही. मी हसलो आणि चप्पल घालून निघालो. त्या पोराने अर्ज भरला नाही. नंतर किती जणांनी भरला नाही, मला माहीत नाही. मोहल्ल्यात पुरावा एकच होता आणि तो मी होतो.

मागच्या वर्षी माझी भाची, आपाची मुलगी, बारावीला होती. सायन्स, गणित चांगलं, शाळेत असताना तालुक्याला पळायची. ती मला फोनवर म्हणाली, “मामू, नौदलाच्या अग्निवीर भरतीत आता मुलींनाही घेतात. मी अर्ज भरणार होते, पण अम्मी म्हणते, मामूसारख्या मामूला घेतलं नाही, तुला काय घेणार. तुम्हाला मेडिकलमध्ये कशासाठी काढलं होतं? मला ते आधीच दुरुस्त करून घ्यायचंय.”

बघा, तिने किती साधा प्रश्न विचारला. रडगाणं नाही, तक्रार नाही. कारण सांगा, मी दुरुस्त करते. आणि माझ्याकडे सांगायला कारणच नव्हतं.

मी तिला खरं सांगितलं. मग आपाला सांगितलं. मग गावी जाऊन अब्बांना म्हटलं की आता मी हे सगळ्यांना सांगणार आहे. अब्बा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “सांग. मी ठाण्याला घाबरलो होतो, समुद्राला नाही. ते पण सांग.” म्हणून तेही सांगितलं.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. भेदभाव नसतोच, सगळं मनात असतं, असं सांगायला मी इथे आलेलो नाही. घर भाड्याने घेताना मी नाव सांगितल्यावर फोन ठेवलेले ऐकले आहेत. तुमच्यापैकी अनेकांनी ऐकले असतील. सैन्यदलांत आपली संख्या किती, हाही प्रश्न खरा आहे. २००६ मध्ये सच्चर समितीने ती आकडेवारी मागितली होती, त्यावरून मोठा वाद झाला आणि ती समितीच्या अहवालात आली नाही. तेव्हा कुणी छातीठोकपणे टक्का सांगितला, तर त्याला विचारा की कुठून आणला. पण माझं म्हणणं वेगळं आहे. अन्याय झाला असेल तर तो नोंदवा, त्याविरुद्ध लढा. राज्यघटनेचं कलम १६ सरकारी नोकरीत धर्मावरून भेदभाव करायला मनाई करतं, ते तुमच्या हातात आहे. जो अन्याय झालाच नाही, तो मात्र झाला म्हणून सांगू नका. कारण त्याने सरकारचं काही बिघडत नाही. तुमच्यामागून येणाऱ्या पोराचं बिघडतं. ज्याने अर्जच भरला नाही, त्याला कुणी नाकारलं असं म्हणता येत नाही.

आता कामाचं बोलू. वही असेल तर काढा.

पहिली गोष्ट. नौदल आणि मर्चंट नेव्ही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या कोकणात दोन्हींना ‘नेव्ही’च म्हणतात आणि तिथेच फसवणूक होते. मर्चंट नेव्ही म्हणजे मालवाहू जहाजांवरची खासगी नोकरी. त्यासाठी सीडीसी लागतं आणि डायरेक्टरेट जनरल ऑफ शिपिंगने मान्यता दिलेल्या संस्थेतच प्रशिक्षण घ्यावं लागतं. एजंट लाखभर रुपये घेऊन बनावट सीडीसी देतात आणि पोरगा परक्या बंदरात अडकतो. नौदल म्हणजे भारतीय सैन्यदल. तिथे अर्ज नौदलाच्या भरतीच्या अधिकृत संकेतस्थळावर थेट करायचा असतो. तिथे ओळख आहे म्हणून कुणी पैसे मागितले, तर तो चोर आहे असं समजा, मग तो आपल्या जमातीतला का असेना.

दुसरी गोष्ट, बारावीनंतरचे रस्ते. अधिकारी व्हायचं असेल तर दोन. एक एनडीए, खडकवासला. यूपीएससी वर्षातून दोनदा परीक्षा घेते. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. नौदलासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित हवं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर ही परीक्षा मुलींनाही खुली झाली, आणि मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली. दुसरा रस्ता आपल्यात जवळजवळ कुणाला माहीत नाही. त्याचं नाव टेन प्लस टू बीटेक कॅडेट एंट्री. पीसीएममध्ये ७० टक्के, इंग्रजीत ५० टक्के आणि जेईई मेनची रँक. त्या रँकवरून मुलाखतीला बोलावतात. निवड झाली तर केरळात एझिमला इथल्या इंडियन नेव्हल ॲकॅडमीत चार वर्षं बीटेक, खर्च नौदलाचा. माझ्या इंजिनिअरिंगला अब्बांची आखातातली सहा वर्षं गेली. तुमच्यातले जे जेईई देणारच आहेत, त्यांनी तीच रँक इथेही का वापरू नये?

दोन्ही रस्त्यांवर एसएसबीची पाच दिवसांची मुलाखत असते. मानसशास्त्रीय चाचण्या, गटात मिळून करायची कामं, वैयक्तिक मुलाखत. इथे आपली पोरं इंग्रजीला भितात. इंग्रजी यायला हवं, पण ते फर्डं बोलण्याची स्पर्धा नाही. दहा जणांत लाकडी फळ्या घेऊन अडथळा पार करायचा असतो, तेव्हा कोण दुसऱ्याचं ऐकतो आणि कोण नुसता ओरडतो, हे ते बघतात.

नाविक म्हणून जायचं असेल तर आता अग्निवीर. बारावीला गणित-फिजिक्स असेल तर एसएसआर, दहावीवर एमआर. वय साडेसतरा ते एकवीस, आणि अविवाहित. पहिला टप्पा संगणकावरची परीक्षा, त्यात इंग्रजी, विज्ञान, गणित आणि सामान्य ज्ञान. दुसऱ्या टप्प्यात पुन्हा लेखी, पळणं आणि वैद्यकीय तपासणी. १.६ किलोमीटर आता मुलांना साडेसहा मिनिटांत आणि मुलींना आठ मिनिटांत पळावं लागतं. अटी वर्षागणिक थोड्या बदलतात. म्हणून माझ्या बोलण्यावर नाही, त्या त्या वर्षीच्या जाहिरातीवर विसंबा. जाहिरात पूर्ण वाचा, शेवटच्या बारीक अक्षरांसकट.

तिसरी गोष्ट, अग्निवीरचा हिशोब. ही योजना १४ जून २०२२ ला जाहीर झाली. नोकरी चार वर्षांची. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, चौथ्या वर्षी ४०,०००. त्यातले ३० टक्के सेवानिधीसाठी कापले जातात, म्हणजे पहिल्या वर्षी हातात २१,००० येतात. तेवढीच रक्कम सरकार घालतं. चार वर्षांनी व्याजासकट सुमारे ११.७१ लाख रुपये मिळतात, करमुक्त. सेवाकाळात ४८ लाखांचा विमा. पण पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. आणि चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्क्यांनाच कायम केलं जातं. म्हणजे चौघांतले तिघं बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी घरी.

माझ्या मित्राला पंधरा वर्षांची नोकरी आणि नंतर पेन्शन मिळाली. तुम्हाला ती हमी नाही. हे मी लपवणार नाही, आणि भरतीचा प्रचार करणाऱ्यांनीही लपवू नये. या योजनेवर टीका आहे आणि ती रास्त आहे असं मला वाटतं. पण घरी परिस्थिती काय आहे, ते तुम्ही बघा. बारावीनंतर एजंटला दीड लाख देऊन आखातात दुकानात उभं राहण्यापेक्षा, चार वर्षं शिस्त, तांत्रिक प्रशिक्षण आणि अकरा लाख हातात, हा सौदा काहींसाठी चांगला आहे. ज्याला चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळतोय आणि घरचं भागतंय, त्याने घाई करू नये. आणि जो जाईल, त्याने पाचव्या वर्षाचा विचार पहिल्याच दिवशी सुरू करावा. अग्निवीरांसाठी इग्नूची पदवीची सोय आहे, ती घ्या. मर्चंट नेव्हीत वळण्याची वाट सरकारने जाहीर केलेली आहे, तिची माहिती काढा. अकरा लाख लग्नात उडवू नका. हसू नका, आपल्याकडे हेच होतं.

चौथी गोष्ट, कागद. आपल्या पोरांचे अर्ज सगळ्यात जास्त कशात अडकतात, सांगू? नावात. दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘मोहम्मद’, आधारवर ‘मोहंमद’, जन्मदाखल्यावर नुसतं ‘मो.’. आईचं नाव एका ठिकाणी माहेरचं, दुसऱ्या ठिकाणी सासरचं. आडनाव कुठे आहे, कुठे नाही. हा भेदभाव नाही, हा आपला निष्काळजीपणा आहे. आज घरी गेल्यावर सगळे कागद एका ओळीत मांडा आणि दहावीच्या गुणपत्रिकेशी ताडून बघा. दुरुस्तीला महिने लागतात, अर्जाची मुदत काही दिवसांची असते. आणि सरकारी रुग्णालयात जाऊन डोळे, कान, दात तपासून घ्या. रंगांधळेपणा असेल तर तो आजच कळलेला बरा. कानातला मळ आणि किडलेला दात मात्र दुरुस्त होतो.

आता ते प्रश्न, जे तुम्ही इथे विचारणार नाही पण बाहेर चहाला थांबल्यावर विचाराल. नमाजचं काय, रोज्याचं काय, दाढीचं काय. मी स्वतः नोकरी केलेली नाही, म्हणून मित्राला विचारून आलोय.

तो सांगतो, चिल्कात पहिले काही आठवडे कुणालाच कशालाच वेळ नसतो. हाही परेडला असायचा आणि शेजारच्या खाटेवरचा केरळी ख्रिश्चन पोरगाही. पुढे लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत इंजिनचं प्रशिक्षण झालं. तिथे नमाजला जागा होती, जुम्याला परवानगी मागून जाता यायचं. आयएनएस म्हटलं की जहाजच असं नाही बरं का. चिल्का, शिवाजी, मालाडचं हमला ही जमिनीवरची ठाणी आहेत, पण नौदल त्यांनाही जहाजासारखंच नाव देतं. खऱ्या जहाजावर मात्र इंजिनरूममध्ये तुमची पाळी म्हणजे तुमची पाळी. रोजा असो नसो, यंत्र थांबत नाही. तो म्हणाला, “मी कधी रोजे ठेवले, कधी सफरमध्ये आहे म्हणून नंतर पूर्ण केले. मला कुणी अडवलं नाही आणि माझ्यासाठी कुणी पाळीही बदलली नाही. ओळख झाल्यावर सोबतचे स्वतःहून बदलून द्यायचे.”

दाढीचं असं आहे. नौदलात दाढी ठेवायला वरिष्ठांची परवानगी लागते.  हवाई दलातल्या एका जवानाचं दाढीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं आणि २०१६ मध्ये निकाल त्याच्या विरोधात लागला. मुलींनो, गणवेशाला अपवाद मिळेल या भरवशावर जाऊ नका. ज्यांना हे पटत नाही, त्यांनी जाऊ नये, आणि त्यात कमीपणा नाही. पण ठरवताना नियम माहीत असू द्या.

मित्राला सगळ्यात जड काय गेलं, तेही विचारलं. तो म्हणाला, वडील गेले तेव्हा जहाज समुद्रात होतं. ठाण्यात घेऊन जाणारे तेच वडील. बातमी कळली, पण बंदराला लागून घरी पोचेपर्यंत दफन होऊन पाच दिवस झाले होते. जनाजाला खांदा द्यायला मी होतो. हे नोकरीचं मोल आहे. धर्म कुठलाही असो, ते प्रत्येक नाविकाला मोजावं लागतं.

तो २०२३ मध्ये पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झाला. पेन्शन आहे, आणि आता मुंबईत एका ठिकाणी जनरेटर आणि पंपांची देखभाल बघतो. “पुढे जाऊ देत नाहीत” म्हणणाऱ्या माझ्या चाचांच्या नातवाला मागच्या महिन्यात त्यानेच नोकरीला लावलं.

शेवटचं एक. अशा कार्यक्रमांत आपल्याला नेहमी वीर अब्दुल हमीद आणि ब्रिगेडियर उस्मान यांची नावं सांगितली जातात. आदराने सांगावीत. पण ती सांगताना एक सूर असतो, बघा, आम्हीही वफादार आहोत. मला तो सूर नको आहे. तुम्हाला कुणापुढे काही सिद्ध करायला नौदलात जायचं नाही. शेजारचा पाटलांचा किंवा भंडाऱ्यांचा पोरगा ज्या कारणासाठी जातो, त्याच कारणासाठी जा. पगार हवा, समुद्र आवडतो, यंत्रं आवडतात, देशाचं काम आहे. तेवढं पुरे.

आणि समुद्र आपल्याला परका नाही. सारंग, खलाशी, नाखवा हे शब्द बघा. फारसी-अरबीतले शब्द कोकणच्या प्रत्येक बंदरावर, प्रत्येक जातीच्या माणसाच्या तोंडी रुळले. १६७९ मध्ये खांदेरीच्या लढाईत शिवाजी महाराजांच्या आरमारात मायनाक भंडारी होता आणि दौलतखानही होता. समोर इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी. धर्मावरून बाजू ओळखता आली नसती. आणि १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत ‘तलवार’ या नौदल ठाण्यावर नाविकांनी इंग्रजांविरुद्ध संप पुकारला, तोही आधी निकृष्ट जेवणावरून. त्यांच्या मध्यवर्ती संप समितीचे अध्यक्ष होते एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदनसिंग. दोघंही साधे नाविक, तुमच्याहून फार मोठे नसलेले. मुंबईला गेलात तर कुलाब्याला त्या उठावाचं स्मारक आहे, जरूर बघा.

भाचीचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. २०२३ च्या मार्चमध्ये चिल्कातून अग्निवीरांची पहिली तुकडी बाहेर पडली, तिच्यात अडीचशेहून जास्त मुली होत्या. तिचा व्हिडिओ आपाने पाहिला, दोनदा पाहिला आणि म्हणाली, “भर अर्ज.” तिने अर्ज भरला आहे. ठाण्यात पडताळणीसाठी जायची वेळ आली तर तिच्याबरोबर कोण जाणार, हेही ठरलं आहे. अब्बा जाणार आहेत. ती पास होईल की नाही, मला सांगता येत नाही. पळण्यात राहील, गणितात राहील, काहीही होऊ शकतं. पण ती जर राहिली, तर गावात येऊन ती खरं कारण सांगेल, एवढं तिने मला कबूल केलं आहे.

तुमच्याकडूनही मला तेवढंच हवं आहे. गेलात तर तिथलं खरं सांगा. नाही गेलात तर का नाही गेलात, ते खरं सांगा. घाबरलो होतो, असं सांगायला लागलं तरी सांगा. मी आज सांगितलं. अठरा वर्षं लागली, पण बोलायला पाच मिनिटं पुरली.

खुदा हाफिज. प्रश्न असतील तर विचारा.